चराचं शेवटचं वळण

शाळेच्या पटांगणात चर खणायचा, असा सरकारी हुकूम आमच्या गावात आला, तेव्हा गावात वीज नव्हती, पावसाळ्यात एस.टी. येत नव्हती आणि शाळेला मुतारीसुद्धा नव्हती. मुली ओढ्याकडं जायच्या, मुलं कुठंही. अशा शाळेतल्या पोरांना विमानातून पडणाऱ्या बॉम्बपासून वाचवायचं सरकारनं मनावर घेतलं होतं. मी आता म्हातारी झाले, तरी हे सांगायला बसले की आधी हसूच येतं. मग येत नाही.

ते बांगलादेशच्या लढाईचे दिवस. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, बाजरी आणि कुसळं पिकवणारं. शत्रूच्या वैमानिकाला ते नकाशात सापडलं असतं तर गावानं त्याला नारळ देऊन सत्कारच केला असता. पण पारावरच्या माणसांनी हिशेब मांडला होता. नगरला लष्कर आहे, रणगाडे आहेत, म्हणजे विमान नगरवर येणार. नगरवर येताना त्याला अंधारात काही दिसलं नाही, तर ते बॉम्ब कुठं टाकणार? आपल्यावरच. हे इतक्या खात्रीनं सांगितलं जायचं की आम्हा पोरांना थोडा अभिमानच वाटायचा. कुणीतरी आपल्याकडं यायचं म्हणतंय.

शाळेचे हेडमास्तर म्हणजे गुरुजी. शाळेत इतर मास्तर येत-जात, बदल्या होत, पण गुरुजी म्हटलं की तेच. सडपातळ, स्वच्छ धोतर, आणि बोलण्यात सारखं एकच, “कागद आला आहे” किंवा “कागद आलेला नाही.” कागद आला की ते काम होणार म्हणजे होणार, आणि नाही आला तर प्रत्यक्ष आभाळ कोसळलं तरी ते थांबून राहणार. मला शाळेत घ्यायचं की नाही हा प्रश्न आला होता तेव्हाही ते म्हणाले होते, “हिला घेऊ नये असा कागद माझ्याकडं नाही.” आणि घेतलं. म्हणून त्यांच्याविषयी मला सरळ रागावताही येत नाही, याचा मला राग येतो.

माझा प्रश्न का आला होता ते सांगते. मी दुधावर असताना ताप आला आणि माझा उजवा पाय गेला. पोलिओ हा शब्द आमच्या वस्तीत पुष्कळ उशिरा आला. तोवर सगळे म्हणायचे, वारं गेलं. मला चालता यायचं नाही, फरफटत घरात फिरता यायचं. शाळा आमच्या वस्तीपासून ओढा ओलांडून गावाच्या वरच्या अंगाला. माझी मोठी बहीण, आक्का, मला रोज पाठीवर घेऊन शाळेत न्यायची आणि आणायची. तिचं दप्तर माझ्या गळ्यात, माझे हात तिच्या गळ्यात. तिच्या मानेला घामाचा आणि खोबरेलाचा वास यायचा, खोबरेल असलं तर. ती चिडकी होती. मी जड झाले की म्हणायची, “कमी खात जा गं भवाने, माझा कणा मोडंल.” पण एकही दिवस तिनं मला घरी ठेवलं नाही.

तर चर. कागदात त्याचा आकार दिला होता. चर सरळ नको, नागमोडी हवा, म्हणजे एका वळणात बॉम्ब पडला तर दुसऱ्या वळणातली मुलं वाचतील. खिडक्यांच्या काचांना कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्यात, असंही होतं. शाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्याच, लाकडी फळ्या होत्या. गुरुजींनी मग कपाटाच्या काचेला आणि भिंतीवरच्या पुढाऱ्यांच्या तसबिरींना पट्ट्या चिकटवल्या. पुढारी पट्ट्यांआडून आमच्याकडं बघत राहिले. हुकूम पाळला गेला.

चर खणायला गावातली माणसं आली, आमच्या वस्तीवरची तर आलीच. खणायचं काम निघालं की आमची आठवण सगळ्यांना आधी व्हायची. मुरूम भराभर निघाला, पण कमरेएवढं खाली गेल्यावर पहार ठणकन वाजली. खाली काळा कातळ. कागदात खोली जास्त होती. गुरुजींनी कडेला उभं राहून कागद पुन्हा वाचला. शेवटी म्हणाले, “मुलं लहान आहेत. पालथी झोपली तर पुरेल.” त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं घेतलेला तो पहिला निर्णय असावा.

दुसरा निर्णय कुणीच घेतला नाही, तो आपोआप झाला. चराला वळणं होती आणि गावाला आळ्या होत्या. पहिल्याच दिवशी पोरं चरात उतरली तेव्हा वरच्या आळीतली शाळेजवळच्या वळणात बसली, मग बाजारपेठेतली, मग माळ्यांची, धनगरांची. आम्ही बौद्ध होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, घराघरांतून जुने देव गेले होते, गावकीची कामं आमच्या माणसांनी सोडली होती. पण आमची पोरं शेवटच्या वळणात गेली. कुणी हाकललं नाही. एका बाईनं चराच्या काठावरून आपल्या मुलाला म्हटलं, “हिकडं सर, त्यांना लागशील,” एवढंच. वर्गात आम्ही एकत्रच बसायचो, म्हणजे गुरुजींचं लक्ष असेतोवर. सरकारनं चर नागमोडी सांगितला बॉम्बसाठी, पण आमच्या गावाला तो आकार दुसऱ्याच कामाला सोयीचा पडला. ते शेवटचं वळण शाळेच्या दारापासून सगळ्यात लांब होतं, पार ओढ्याच्या अंगाला.

भोंगा वाजला की चरात जायचं, असं कागदात होतं. भोंगा कुठून आणायचा? शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, तो रोजच वाजायचा, त्यानं घोळ झाला असता. गुरुजींनी रॉकेलचा रिकामा डबा आणला. पत्र्याचा चौकोनी डबा, ज्वारीवरची पाखरं उठवायला घराघरांत असायचा तसलाच. काठीनं बडवला की अर्ध्या गावाला ऐकू जायचा. दर शनिवारी सकाळी कवायत. गुरुजी दारात उभे राहून डबा बडवायचे आणि आम्ही पळायचो. म्हणजे बाकीचे पळायचे.

“डबा वाजला की पळायचं,” गुरुजी सांगायचे. “कुणाला विचारायचं नाही. कुणाची वाट बघायची नाही. विमान आल्यावर माणूस भांबावतो. मीही भांबावेन. मी मागून हाक मारली तरी वळायचं नाही. समजलं?”

“समजलं गुरुजी.”

माझं काय करायचं ते कागदात नव्हतं. पळता न येणारं मूल सरकारच्या डोळ्यांपुढं नसावं. गुरुजींनीच ठरवलं की आक्कानं मला आणायचं. ती सहावीत, तिचा वर्ग व्हरांड्यात भरायचा. मी तिसरीत, आतल्या माळवदाच्या खोलीत. डबा वाजला की बाकीची सगळी पोरं बाहेर पळायची आणि आक्का एकटी उलटी आत यायची. गर्दी तिला ढकलायची, ती भिंतीला धरून पुढं सरकायची. मग मला पाठीवर टाकून, पटांगण ओलांडून, सगळ्या वळणांवरून शेवटच्या वळणाला. आधी मला खाली सोडायचं, मग स्वतः उतरायचं. दर शनिवारी सगळी शाळा पालथी पडून माना वर करून बघायची, आक्का आज पोचते का. आणि आमच्या घरातही हाच प्रश्न होता. आई विचारायची, “खरंच इमान आलं तर हिला घिऊन पोचशील का गं?” आक्का म्हणायची, “पोचंल की. न्हाईतर हिला टाकून जाईन.” मग मला डोळा मारायची. मला मात्र भीती वाटायची ती बॉम्बची नाही, ती टाकून जाण्याची. मी त्या थंडीत कमी खायला लागले होते. खरंच.

एकदा कवायत बघायला तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी आक्काला मला घेऊन पळताना पाहिलं. ती घामाघूम होऊन चराशी आली तेव्हा साहेब गुरुजींना म्हणाले, “व्यवस्था छान आहे.” गुरुजींचा चेहरा उजळला. शेवटच्याच वळणात कशाला, जवळच्या वळणात का नाही, हे ना साहेबांना सुचलं, ना गुरुजींना. आम्हालाही सुचलं नाही, हे सगळ्यात वाईट.

लढाई लवकरच संपली. आपण जिंकलो, शाळेत पेढे वाटले, प्रभातफेरी निघाली. पण चर बुजवा, कवायत थांबवा, असा कागद काही आला नाही. सुरू करण्याचा आला होता, थांबवण्याचा नाही. तेव्हा कवायत चालूच राहिली. शनिवार आला की डबा वाजायचा. पोरांना त्यात मजा वाटायला लागली होती, कोण आधी पोचतं याच्या पैजा लागायच्या. दुसऱ्या शाळांमधले चर पोरांनी, शेळ्यांनी, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी केव्हाच बुजवून टाकले असतील. आमचा चर गुरुजी दर महिन्याला साफ करून घ्यायचे. तरी एरवी एका पावसाळ्यात तो ढासळून गाळानं भरला असता.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही.

त्या दुष्काळाबद्दल पुष्कळांनी सांगितलेलं आहे, मी कमी सांगते. विहिरीच्या तळाशी माणसं वाटीनं पाणी भरत होती. रेशनला लाल मिलो ज्वारी आली, ती शिजवली की घरभर वास सुटायचा आणि खाल्ली की पोट दुखायचं. शाळेत सुकडी मिळायची. गोड, पिवळी, कोरडी. आक्का तिच्यातली अर्धी पुडीत बांधून आईसाठी घरी न्यायची. वडील टोळीबरोबर श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला गेले. आई दरवर्षी माझ्या पायापायी घरी राहायची, ती आता दुष्काळी कामावर जाऊ लागली. रस्त्यासाठी खडी फोडायची. डोंगराच्या बाजूला खाण लागली होती, तिथं सुरुंग लावून दगड काढत, आणि बाया हातोडीनं त्याची खडी करत.

बोटांना चिंध्या बांधून आई खडी फोडायची. एक दिवस हातोडी अंगठ्यावर बसली. अंगठा काळानिळा झाला, हातोडी धरता येईना. काम सुटलं म्हणजे मिलोसुद्धा सुटली. मुकादमानं तोड काढली. बार उडवायच्या आधी आजूबाजूच्या माणसांना हटवायला कुणीतरी हवं होतं. त्यानं तिच्यापुढं रॉकेलचा डबा टाकला.

“हे घे, बडव. दवंडीचं काम तुमच्याकडंच हुतं की पयलं.”

आईला ते फार लागलं. घरी येऊन तिनं डबा पायानं लोटला. “आमच्या सासऱ्यानं हे सोडलं, आन् आता मी धरू?” असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली. डावा हात चालत होता. बार भरला की मुकादम लाल फडकं हलवायचा, आई फिरून डबा बडवायची, “बार हाय, पळा, बार हाय!” आणि माणसं लांब पळायची. खाण तेव्हा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होती, शाळेत काही ऐकू यायचं नाही. संध्याकाळी आक्का तिची चेष्टा करायची. “आई, तू आन् आमचं गुरुजी सारकंच. दोगंबी डबा वाजवून लोकांना पळवताय.” तिघी हसलो होतो. आम्ही तिघी त्यावर हसलो, आणि तिघींपैकी एकीच्याही डोक्यात पुढचं आलं नाही. घरात बसून एकमेकींना सांगत होतो की दोन्ही डबे एकच आहेत, आणि तरी नाही आलं.

डोंगराकडून खडी वाहून आणायला लांब पडत होतं. रस्ता गावाजवळ येत चालला होता. ओव्हरसियर साहेब एकदा शाळेत पाणी मागायला आले, पाणी नव्हतं, मग सावलीला बसले. बसल्या बसल्या त्यांना चर दिसला आणि चराच्या तळाचा काळा कातळ दिसला. ते उतरून बघून आले. “अहो, तुमच्याकडं उत्तम दगड आहे,” ते गुरुजींना म्हणाले. ओढ्यापलीकडच्या टेकाडात तोच कातळ वर आला होता. नवी खाण तिथं लागली. शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आणि चराच्या शेवटच्या वळणापासून त्याहून जवळ.

ओव्हरसियरनं शाळेला सूचना का दिली नाही, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. त्याचं उत्तर साधं होतं आणि मला ते आजही खोडता येत नाही. तो म्हणाला, शाळेच्या वेळात मुलं वर्गात असतात. डोक्यावर छप्पर आहे, चारी बाजूंनी दगडी भिंती आहेत. सगळ्या गावात सुरुंगापासून त्याहून सुरक्षित जागा नाही. मग सांगायचं काय?

नव्या खाणीचा पहिला बार होता. शनिवार नव्हता. आम्ही पाढे म्हणत होतो. आणि बाहेर डबा वाजला.

मी सांगते ते क्षणात झालं, पण मला ते सावकाश दिसतं. पाढा मध्येच तुटला आणि सगळी पोरं उठली. कुणी काही विचारलं नाही, कुणी कुणाची वाट पाहिली नाही. शिकवलं होतं तसं. एवढ्या महिन्यांची शिकवण पोरांच्या पायांत गेली होती. गुरुजी फळ्याशी होते. त्यांच्या हातात डबा नव्हता, डबा कोपऱ्यात होता, मी पाहिला. गुरुजींनीही त्याच्याकडं पाहिलं. आपला डबा इथं आहे, मग वाजतोय कोणाचा, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. मग ते ओरडले, “थांबा! अरे, थांबा! मागं या!” कुणीही वळलं नाही. वळायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. खोली रिकामी झाली. गुरुजी ओरडत दाराकडं धावले आणि दारात आक्का त्यांना घासून आत आली.

तिनं पाठ वळवून बसकण मारली, मी हात टाकले, ती उठली. गुरुजींनी तिचा दंड धरला. तिनं झटकला. तिला वाटलं असेल, गुरुजी भांबावलेत. तेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

पटांगण उन्हानं पांढरं झालं होतं. पहिली वळणं भरली होती, पोरं पालथी पडली होती. आम्ही त्यांच्या कडेकडेनं गेलो. मध्ये कुठंही ती मला सोडू शकली असती. शेवटच्या वळणाकडं जाताना समोर टेकाडावरून डबा आणखी जोरात ऐकू येऊ लागला, आणि त्याबरोबर बाईचा आवाज. मी तो आवाज ओळखला. “आक्का, आई हाय,” मी तिच्या कानात म्हटलं. ती धापा टाकत होती. ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं मला चराच्या काठावर टेकवलं आणि खाली सोडलं. मी कातळावर घसरत पडले. वर बघितलं तर ती पदर खोचल्यासारखा परकर खोचत होती, उतरण्यासाठी. तेव्हा जमीन हलली.

बाराचे दगड आधी वर जातात. आवाज होतो, मग थोडा वेळ काहीच होत नाही, आणि मग ते पडायला लागतात. आमच्या भागातल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक असतं. आम्हालाही होतं. पण आम्हाला विमान शिकवलं होतं.

दगड तिच्या कानामागं लागला. फार मोठा नव्हता. ती माझ्या अंगावर पडली आणि मला वाटलं, नियमाप्रमाणं ती माझ्यावर पालथी झाली आहे. मोठ्यानं लहानाला झाकायचं, असा नियम होता. मी तिला म्हटलं, “जड हायेस गं.” तिच्याच शब्दांत तिला चिडवायला. ती बोलली नाही.

गुरुजी चरात उतरले, त्यांनीच तिला उचललं. ओढ्याच्या बाजूनं आई पळत आली. पटांगणात पोरं दिसताच तिनं टेकाडावरून किंकाळी फोडली होती, असं नंतर बाया म्हणाल्या, पण वात पेटलेली होती. तिच्या डाव्या हातात डबा तसाच होता. कामावरच्या ट्रकमधून आक्काला तालुक्याला नेलं. गुरुजी आणि आई बरोबर गेले. मला कुणी नेलं नाही, मला न्यायला आता कुणी नव्हतं. मी चरातच होते, संध्याकाळपर्यंत. मग वस्तीवरच्या एका म्हाताऱ्यानं मला काढलं. आक्का पाथर्डीच्या अलीकडंच गेली होती.

बाकी पोरांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. शाळेच्या माळवदावर बरेच दगड सापडले. एकही आत आला नव्हता. ज्या कोपऱ्यात मी बसायचे, तिथं तर भिंतीचा गिलावाही पडला नव्हता. ती मला घ्यायला आली नसती तर ती बाहेर, चरात पालथी असती आणि मी आत. आणि दोघी जगलो असतो. हा हिशेब मी लहानपणापासून करते आहे. तो चुकत नाही.

चौकशी झाली. शिक्षण खात्याचे तेच साहेब आले होते. मला खुर्चीवर बसवून त्यांनी प्रेमानं विचारलं, डबा वाजल्यावर तू काय केलंस? मी सांगितलं. बहिणीनं काय केलं? सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गुरुजींना हळू आवाजात म्हणाले, “सूचनांप्रमाणं सगळं बरोबरच झालंय.” गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांना एखाद्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असा त्यांचा चेहरा झाला.

ते आमच्या घरी आले, वस्तीत. इतकी वर्षं आमच्या पोरांना शिकवत होते, पण वस्तीत पाय पहिल्यांदा टाकला. दाराबाहेर उभे राहिले. आई म्हणाली, “या, बसा गुरुजी.” ते आत येऊन जमिनीवर बसले. आईनं तांब्यातलं होतं नव्हतं ते पाणी त्यांना दिलं आणि ते प्यायले. मला तेव्हा त्यांच्या पिण्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं, एवढ्यासाठी एक पोरगी जावी लागली. तांब्या खाली ठेवला, उठले. गेले. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली, आणि चर कुणीतरी बुजवला. कागद आला की नाही, मला माहीत नाही.

वडील निरोप मिळून आले तोवर सगळं आटोपलं होतं. ते आईला काही बोलले नाहीत. वस्तीतलं कुणीच काही बोललं नाही, आणि तेच तिला सोसेना. मुकादमानं बोलावलं तशी ती पुन्हा कामावर गेली, खायला लागतंच. त्यानं तिच्या हातात डबा दिला नाही. अंगठा बरा झाला नव्हता तरी हातोडी दिली. त्याची दया म्हणजे तेवढी. ती रडत नव्हती. जेवत नव्हती म्हटलं तरी चालेल. माझी वेणी घालायला बसली की मध्येच हात थांबायचे.

एका दुपारी कामाला सुट्टी होती. वडील टोळीकडं परत गेले होते. आई दारात बसून सुपात मिलो निवडत होती, मी शेजारी. तिनं सुपातून मान वर न करता विचारलं,

“तू हाक मारलीस का तिला?”

मला आधी कळलं नाही.

“त्या दिशी. वर्गातनं. तू तिला बलावलंस का? ‘आक्का, मला ने,’ आसं?”

मी हाक मारली नव्हती. हाक मारायची गरजच नव्हती, ती यायचीच. डबा वाजला आणि ती आली. डबा वाजला म्हणूनच आली. मी तसं सांगायला तोंड उघडलं आणि आईकडं बघितलं. तिनं आता मान वर केली होती. मी लहान होते, पण मूर्ख नव्हते. दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघून त्यांना काय हवं ते ओळखणं, हे चालता न येणारं मूल फार लवकर शिकतं. आईला माझ्याकडून एक शब्द हवा होता. तो मिळाला नाही, तर त्या दिवशी जे झालं त्यात तिचा डबा आणि ती स्वतः, एवढंच उरत होतं.

“व्हय,” मी म्हटलं. “मीच बलावली.”

आईनं सूप फेकलं आणि माझ्या मुस्काटात मारली. एकदा, मग पुन्हा. मिलो दारभर पसरली. मग तिनं मला ओढून छातीशी धरलं आणि आक्का गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी. त्या संध्याकाळी ती जेवली. माझा गाल सुजला होता. मला बरं वाटत होतं.

पुढं मी शिकले, कुबड्या आल्या, नोकरी लागली, लांब राहायला आले. आई मरायच्या आधी माझ्याकडंच होती. शेवटी शेवटी तिला फारसं सुधरत नव्हतं. पण एके सकाळी तिनं माझा हात धरला, आणि अगदी स्वच्छ बोलली. “ती हाक मारलीस, त्याचं मनाला लावून घिऊ नगं. तू ल्हान हुतीस. तुझं काय चुकलं न्हाई.”

मी तिला खरं सांगितलं नाही. “बरं आई,” म्हटलं.